ओली वाळू

अंगदनं दिंडोरीहून बाटली आणली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
पत्रिका द्यावी तशी दोन्ही हातांनी पुढं केली.
मामा, माझ्या हातच्या द्राक्षांची पहिली.
रिटायर व्हाल त्या दिवशी उघडा.
तोवर आडवी ठेवा, बूच ओलं राहू द्या,
उजेड नको, हलवाहलव नको,
आणि तापू तर देऊच नका.

मी हसलो.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
आणि परभणीत माझ्या दोन खोल्या, वर पत्रा.
मार्च सरत आलेला.

फ्रीज आहे.
पण तो थांबून थांबून कुडकुडतो,
आणि दुपारी एकला त्याची लाईट जाते.
ती मीच घालवतो.
सबस्टेशनात खटक्यावर हात माझाच असतो.
लोक त्या माणसाला शिव्या देतात.
सुट्टीच्या दिवशी घरी असलो की मीही देतो.

पलंगाखाली ठेवली, फरशीच कोमट.
कोठीत ठेवली, तर कांद्याचा वास.
कूलरपाशी ठेवली तर अशी थरथरायला लागली,
जसं काही जिंतूरच्या एसटीत मागच्या सीटवर बसवलंय.
रात्री उठून हात लावून बघायचो,
ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला लावतो तसा,
पालथा.

शेवटी शेजारच्या शमशादआपांना विचारलं.
म्हटलं, एक औषध आहे, गारव्यात ठेवायचंय.
त्यांचं इन्सुलिन चौदा वर्षं असंच राहतंय:
रांजणात डेरा,
दोहोंच्या मधे गोदावरीची वाळू,
वाळूला तांब्या तांब्या पाणी,
वरून ओलं गोणपाट.
"वारं लागू द्या, भाऊ.
जितकी झळ कोरडी, तितकं आतमधी गार.
आपलं ऊन बी कधी कधी कामाला येतं."

दोघांच्या दारांमधल्या बोळात
त्यांच्या रांजणाशेजारी माझा मांडला.
बाटली तिरपी बसली, गळा खाली.
एप्रिलभर माझी ड्युटी सकाळी आठपासून.
संध्याकाळी येऊन बघावं तर वाळू ओलीच.
मला वाटलं, नदीची वाळू, धरून ठेवते पाणी.

नऊ मेला वानरांनी त्यांचा डेरा पाडला.
भर दुपारी आल्या, ओल्या ओढणीत दोन कुप्या.
"तुमच्या औषधापाशी ठेवा, नवा आणीस्तोवर."
लाईट नव्हती, खटक्यावर आज दुसऱ्याचा हात.
मी गोणपाट काढलं.
दुसरं काय करणार.

त्यांनी वाकून पाहिलं.
हिरवट काळी काच, लेबलावर अंगदच्या मळ्याची टेकडी.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग रुमालाची घडी केली,
ती बाटलीच्या अंगाला उभी लावली,
आणि पलीकडं कुप्या ठेवल्या.
"यालाबी ऊन सोसत नाही वाटतं," म्हणाल्या.
जाताजाता तांब्या उचलला
आणि न बघता वाळूभोवती पाणी फिरवलं.
न बघता.
हाताला सवय असल्यासारखं.

तेव्हा कुठं वाळूचं कोडं सुटलं.

एकतीसला निरोप झाला.
शाल, नारळ, बंद पडलेलं घड्याळ
(सेल घातला नव्हता, नंतर घातला).
संध्याकाळी बाटली काढली.
पालथ्या हाताला गार लागली,
बारवेच्या खालच्या पायरीसारखी.
अंगद फोनवर: मामा, चव कशी?
मला काय कळतं त्यातलं.
आंबट होती, तुरट होती,
आणि घशाखाली उतरल्यावर
जांभळं खाल्लेली जीभ होते तशी जीभ.
बिघडलेली नव्हती, एवढं नक्की.

त्याला सांगितलं,
तुझी द्राक्षं वेलावरून उतरली
त्यानंतरही दोन महिने
कुणीतरी त्यांना पाणी घालत होतं.
कोण, म्हणाला.
मी म्हटलं, लाईट आली बघ, ठेवतो.

आपांचा नवा डेरा अजून आलेला नाही.
माझ्यात आता दोन कुप्या आहेत, नि तो रुमाल.
मला दिवसभर काम नाही.
दुपारचं पाणी मी घालतो.